तानाबाईचे ओले हात

तानाबाईला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली तर ती वळून बघत नसे. यात तिचा हट्ट नव्हता. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं जे नाव कानावर पडत आलं, त्याखेरीज दुसरं नाव आपलं असू शकतं हे तिच्या डोक्यात शिरायचंच नाही. म्हणून सिनेमा कंपनीच्या साहेबांनी अखेर हात टेकले आणि सिनेमातल्या सासूचं नाव बदलून तानाबाई असंच ठेवलं.

ही गोष्ट एकाहत्तर सालची. कोल्हापूरजवळच्या उचगावात तानाबाईचं घर गावाच्या अगदी कडेला होतं. पुढे अंगण, बाजूला गोठा, गोठ्यात एक म्हैस. नवरा वारल्यावर त्या एका म्हशीच्या जिवावर तिने सयाजीला वाढवलं. रोज सकाळी धार काढायची, किटली डोक्यावर घ्यायची आणि शहरात राजारामपुरीत रतीब घालून यायचं. धार काढून झाली की ती पदराला हात पुसायची, आधी पालथा, मग उताणा, मग पुन्हा पालथा. ही तिची जन्माची सवय. स्वयंपाक झाला तरी तसंच, भांडण झालं तरी तसंच. एखाद्या गोष्टीवर पडदा टाकायचा असला की तिचे हात आपोआप पदराकडे जायचे.

शेजारचा निसार शिंपी. कोल्हापुरातल्या स्टुडिओच्या कपडेपटात त्याचं शिवणकाम चाले. कंपनीला खेड्यातलं खरंखुरं घर पाहिजे होतं, ते त्यानेच दाखवलं. पहिल्याच दिवशी दिवे घेऊन आलेल्या माणसांनी अंगणात वाळत घातलेले सांडगे तुडवले. तानाबाई गोठ्यातून बाहेर आली आणि तिने सगळ्या कंपनीला असं फैलावर घेतलं की साहेब तोंडातली विडी विसरून बघत राहिले. सासूचं काम करणारी बाई त्याच आठवड्यात रुसून मुंबईला निघून गेली होती. साहेबांनी निसारला बाजूला घेऊन विचारलं, ही काम करील काय?

तानाबाई आधी हसली. मग निसारची बायको मेहमुदा म्हणाली, करून बघा की मावशी, तुम्हाला कोण खातंय. मग तिने केलं. सिनेमातली सासू दुष्ट होती. बाळंतीण सुनेला खोलीत कोंडून, बाहेरून कडी घालून, उपाशी मारणारी. सुनेच्या वाटणीचं दूध ती मांजरापुढे ओतते, असा एक प्रसंग होता. दूध तानाबाईच्याच म्हशीचं, मांजर तिच्याच घरातलं. मांजर ते लपालपा पिऊन गेलं. साहेबांनी सांगितलं होतं, नुसतं ओता आणि सरळ निघून जा. पण दूध ओतून झाल्यावर तानाबाईचे हात आपोआप पदराकडे गेले. पालथा, उताणा, पालथा. साहेब म्हणाले, एवढं मला कुठल्या नटीनं दिलं नसतं.

कंपनी गेली. तानाबाईला सिनेमात नेसलेलं इरकली लुगडं मिळालं आणि सिनेमा कुठेतरी अडकून पडला. दोन वर्षांनी सयाजी उद्यमनगरात फाउंड्रीला लागला. त्याचं लग्न नेसरीच्या गणपतरावांच्या मुलीशी, हौसाशी झालं. सिनेमाचं कुणाच्या ध्यानीमनीही राहिलं नव्हतं.

हौसा मुळात अबोल. तानाबाईला मुलगी नव्हती, आणि घरात दुसऱ्या बाईमाणसाच्या बांगड्या वाजतात याचंच तिला अप्रूप. सुनेला एकदा ताप भरला तेव्हा तिने तीन रात्री जागून काढल्या, पेज पाजली, वारं लागू नये म्हणून खोलीचं दार ओढून घेतलं. शेजारच्या बायका चेष्टा करत, तानाबाई सून आणली का देव आणला? ती म्हणायची, माझं मी बघीन, तुम्ही तुमच्या सुनांचं बघा.

हौसाला दिवस गेले आणि त्याच सुमारास तो सिनेमा डब्यातून बाहेर येऊन कोल्हापुरात लागला. पोटुशीने अंधारात बसून रडारडीचं काही बघू नये, म्हणून तानाबाईनेच सुनेला जाऊ दिलं नाही. स्वतः मेहमुदाबरोबर गेली. पण पडद्यावर आपलं तोंड एवढं थोरलं बघून तिला अशी लाज वाटली की निम्मा सिनेमा तिने पदराआडच काढला. दुधाचा प्रसंग आला तेव्हा तर तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. आजूबाजूच्या बायका शिव्या घालत होत्या आणि ती पदरात तोंड दाबून हसत होती.

उचगावात सगळे हसले. ते तिला ओळखत होते. पोरं तिला बघून मांजराचा आवाज काढायची, आणि तीही शेणाचा गोळा उचलून त्यांच्या मागे धावायची. राजारामपुरीत मात्र निराळं झालं. दोन घरांनी रतीब बंद केला. एकीने दाराआडूनच सांगितलं, लेकराच्या तोंडचं दूध काढणारीच्या हातचं आम्हाला नको. तानाबाईने तेही हसण्यावारी नेलं. तिला खरा धक्का दिला तो चिमणाबाई नावाच्या एका गिऱ्हाइणीने. तिने तानाबाईला आत बोलावून चहा दिला आणि हळूच म्हणाली, बरोबर केलंस तू, सुना अशाच सरळ होतात. शिव्यांपेक्षा ती शाबासकी तिच्या जास्त जिव्हारी लागली.

हौसा बाळंतपणाला नेसरीला गेली. मुलगा झाला. बारशाला तानाबाई बाळंतविडा घेऊन गेली, मोठ्या थाटात. नातवाचं नाव आजोबांचं ठेवलं, गुंडू. आता नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं? म्हणून ती बाळाला 'धाकटं मालक' म्हणायला लागली. सगळ्या बायका हसल्या. हौसाही हसली. निघताना तानाबाईने विहिणीला, धोंडुबाईंना, आपण होऊन सांगितलं की माझा सिनेमा तंबूत तुमच्याकडेही येणार हाय, बघा बरं का. मोठ्या हौसेने सांगितलं.

नेसरीला जत्रेच्या सुमारास तंबू आला. हौसाचा सव्वा महिना नुकताच झाला होता. विहीणबाईंचा सिनेमा म्हणून अख्खं घर गेलं, शेजारीपाजारीही गेले. हौसा बाळाला पदराखाली घेऊन बायकांच्या बाजूला पुढेच बसली होती.

तिथे काय झालं हे तानाबाईला पुष्कळ दिवसांनी तुकड्यातुकड्याने कळलं. पडद्यावर कडी पडली तेव्हा तंबूत पाचशे बायका होत्या आणि कुणाच्या बांगडीचाही आवाज नव्हता. मग दूध मांजरापुढे गेलं, आणि एका म्हातारीने उठून पायातलं काढून पडद्यावर फेकलं. ‘तानाबाई, तुझ्या हाताला किडं पडतील’ असं ती ओरडली. पाठोपाठ बाकीच्या. सगळ्या तंबूत हौसाच्या सासूच्या नावाने तळतळाट चालला होता, आणि हौसाच्या मांडीवर तिचं मूल पीत होतं.

बाळाला पाचवा महिना लागला. सून आणायला सयाजी गेला आणि एकटाच परत आला. बाळाला सर्दी हाय म्हणाले. पुढच्या वेळी गेला, तेव्हा दिवस चांगला नव्हता. तिसऱ्या खेपेला तो आला तो सरळ गोठ्यात जाऊन बसला. तानाबाई धार काढत होती. तिने विचारलं, आता काय निघालं?

सयाजी म्हणाला, "आई, ती मंडळी म्हणत्यात, येगळं बिऱ्हाड कर, मग पाठवतो."

तिला आधी कळलंच नाही. त्याने सगळं सांगितलं तेव्हा ती हसली. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

दुसऱ्याच दिवशी ती निसारला घेऊन नेसरीला जायला गडहिंग्लजच्या गाडीत बसली. निसार बिचारा स्वतःला अपराधी समजत होता. घर त्याने दाखवलं, कंपनी त्याने आणली. वाटेत तो तिला धीर देत होता. तो म्हणाला, सगळं उलगडून सांगू, मावशी. शिकलेली न्हाईत, पर समजूतदार माणसं हायती.

गणपतरावांच्या सोप्यात दोघं बसली. पाणी आलं, गूळ आला. आदरसत्कारात काही कमी नव्हतं. हौसा मात्र बाहेर आली नाही. आत बाळाचा आवाज येत होता, आणि तानाबाईची मान सारखी तिकडे वळत होती.

निसारने सांगायला सुरुवात केली. सिनेमा म्हणजे सगळा देखावा. कपडे तो स्वतः शिवतो. आज भिकाऱ्याचे, उद्या राजाचे. धोंडुबाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "घर कुणाचं हुतं?"

निसार म्हणाला, घर मावशींचंच.

"म्हस?"

तीबी त्यांचीच.

"मांजर त्यांचंच, लुगडं त्यांचंच, नाव त्यांचंच. मग खोटं काय हुतं, पावणं?"

निसार गडबडला. बाळ खोटं हुतं, म्हणाला, कापडाचं गठुळं. सून खोटी. मरणं खोटं. आणि रडणं तर सगळंच खोटं. डोळ्यात बाटलीतलं औषध घालतात, की घळाघळा पाणी येतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तानाबाईला तोवर आवरेना. बाळ आत रडायला लागलं होतं आणि त्याचा आवाज बारशाच्या वेळेपेक्षा भरदार झाला होता. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. ती विहिणीच्या पायांकडे वाकली आणि म्हणाली, मला एकदा त्याला बघू द्या, मग जाते मी.

गणपतराव वाईट माणूस नव्हते. त्यांची मुलगी होती, एवढंच. त्यांनी विचारलं, "आणि हे पाणी कुठल्या बाटलीतलं, ईनबाई?"

निसारने मान खाली घातली. आपणच हे हत्यार त्यांच्या हातात दिलं, हे त्याला त्या क्षणी कळलं. तानाबाई रडायची थांबली. डोळे पुसायलाही तिला भीती वाटली, कारण आता ती जे करील ते ही माणसं बघणार होती. तिने कसं बसावं, कुणाकडे बघावं, हेसुद्धा तिला उमजेना. कंपनीच्या दिव्यांपुढे ती कधी अशी अवघडली नव्हती.

निघायच्या वेळी ती परसात चूळ भरायला गेली. हौसा तिथे दारात उभी होती. बाळ कडेवर नव्हतं. तिने वाकून सासूच्या पायाला हात लावला.

तानाबाई म्हणाली, "तू तरी सांग की गं यास्नी. तू तर राहिलीयास माझ्याजवळ."

"सांगितलं मी, आत्याबाई. सगळं सांगितलं."

"मग?"

हौसा उंबऱ्याकडे बघत हळूहळू बोलली. बोलताना तिला त्रास होत होता, हे तानाबाईला दिसत होतं.

"ती बाई तुम्ही न्हाय, हे मला कळतंय. पर ती हात तुमच्यासारखंच पुसती. मला ताप आलता तवा तुम्ही दार ओढून घेतलासा, वारं लागू ने म्हणून. मला ठाव हाय. कडी घातली न्हवती तुम्ही. पर आता ते आठवलं की मला कडीचा आवाज येतोय. मी काय करू, आत्याबाई?"

धोंडुबाईंना समजावता आलं असतं, गणपतरावांशी भांडता आलं असतं. पण ज्या पोरीला सगळं खरं माहीत होतं, तिच्याशी कशावर वाद घालायचा?

घरी आल्यावर तिने जे काही केलं, ते बघून उचगावातली माणसं म्हणाली की तानाबाईचं डोकं फिरलं. तिने खोलीच्या दाराची कडी उपटून काढली आणि ओढ्यात टाकली. मांजर मेहमुदाकडे दिलं. ते संध्याकाळी परत आलं, तिने पुन्हा नेऊन सोडलं. पांढऱ्या भिंती निळ्या करून घेतल्या. कंपनीने दिलेलं लुगडं फाडून म्हशीच्या अंगावर घालायला झूल शिवली. सयाजी सगळं बघत होता. एकदा तो म्हणाला, आई, पडद्यावरचं घर ह्यानं बदलणार हाय व्हय? ती म्हणाली, तिकडचं न्हाय बदललं तर न्हाय, इकडचं तरी बदलू दे.

तेवढ्यात तो सिनेमा कोल्हापुरात पुन्हा लागला, दुपारच्या खेळाला. या वेळी तानाबाई कुणाला न सांगता एकटीच गेली. रतीब घालून, रिकामी किटली घेऊन, बायकांच्या बाजूला मागच्या बाकावर बसली. या खेपेला तिने डोळे उघडे ठेवले.

तिला वाटलं होतं, आपल्याला आपण दिसू. तसं झालं नाही. पडद्यावर एक बाई होती. ती तिच्याच अंगणात वावरत होती, तिचंच लुगडं नेसली होती, पण तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. बाईने दूध ओतलं. मांजर प्यालं. मग बाईने हात पुसले, पालथा, उताणा, पालथा. आणि तानाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. चेहरा तिला परका वाटला होता, हात परके वाटले नाहीत. शेजारच्या बाईने मांडीवरच्या पोराला घट्ट धरलं, आणि तानाबाईच्या मनात आलं की मीही धरलं असतं. आतून खोलीच्या दारावर सुनेच्या थापा पडत होत्या. आख्खं थेटर रडत होतं, आणि त्यांच्याबरोबर तानाबाईही रडत होती. त्या मरणाऱ्या पोरीसाठी. हौसा तिथे नेसरीला काय भ्याली असेल, हे तिला तिथे बसूनच पुरतं कळलं.

घरी येऊन तिने सयाजीला जेवायला वाढलं. त्याचं जेवण होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "राजारामपुरीत खोली बघ. हौसाला घिऊन ये."

"आणि तू?"

"मी म्हस सोडून कुठं जाऊ?"

सयाजी आधी ऐकेना. तू काय चूक केलीस म्हणून तुला एकटं टाकायचं, म्हणाला. तिने त्याला एवढंच सांगितलं, की तिच्या मनात भ्या हाय तंवर ती हितं नांदायची न्हाय, आणि तिला दोष देऊ नको. तिनं बघितलंय. मी बी बघितलंय.

खोली मिळाली. एका माडीखालची, पुढे नळ आणि सिमेंटचा कट्टा. हौसा बाळाला घेऊन आली. तानाबाई आठ दिवस तिकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी सकाळी राजारामपुरीतला रतीब घालता घालता ती शेवटी त्या दाराशी आली. किटलीत राखून ठेवलेलं दूध होतं.

हौसाने भांडं आणलं. तानाबाईने मापाने दूध ओतलं, आणि सुनेने काही म्हणायच्या आत किटलीच्या तळाशी राहिलेलं दूध ओंजळीत घेऊन ती तिच्यासमोर स्वतः प्याली. कुणी तिला तसं कर म्हणालं नव्हतं. हौसाचं तोंड गोरंमोरं झालं. ती म्हणाली, आत्याबाई, असं का करता? तानाबाई म्हणाली, तहान लागलीया गं.

मग ती नळाशी गेली. हात धुतले. हात वळत होते पदराकडे, तिने ते वळू दिले नाहीत. दोन्ही हात पुढे धरून ती उन्हात उभी राहिली. बोटांतून पाणी ठिबकत होतं. रस्त्याने जाणाऱ्या एका रिक्षावाल्याने वळून बघितलं. त्याला वाटलं असेल, ही बाई काहीतरी मागतेय.

हौसा दारातून बघत होती. सासू काय करतेय हे तिला समजलं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तिने पाळण्यातून गुंडूला उचललं, बाहेर आली आणि त्याला सासूपुढे धरलं.

"थांब, वाळू दे हात," तानाबाई म्हणाली. पण तिलाच दम निघाला नाही. तिने बाळाला घेतलं. ओले गार हात त्याच्या उघड्या पाठीला लागले, त्याने अंग ताठ केलं आणि टाहो फोडला. हौसाचे हात क्षणात पुढे आले. तिने नुसते पुढे केले होते, ओढून घेतलं नव्हतं. तरी तानाबाईने बाळ तिच्याकडे देऊन टाकलं.

"हात गार हायती म्हणून रडलं ते," तानाबाई म्हणाली. "दुसरं काय न्हाय."

"व्हय, आत्याबाई."

"धाकटं मालक, उद्या येते मी," असं ती बाळाला म्हणाली. बाळ आईच्या खांद्यावर तोंड खुपसून हुंदके देत होतं.

तानाबाईने किटली उचलली. दुसऱ्या दिवसापासून ती जास्त लवकर निघू लागली. हात धुऊन ते वाळायला वेळ लागतो, आणि सकाळच्या वेळी राजारामपुरीतल्या त्या कट्ट्यावर ऊन उशिरा येतं. उचगावातही तिने पदराला हात पुसले नाहीत, घरात कोणी बघायला नसतानासुद्धा. धार काढून झाली की ती गोठ्याच्या दारात हात लांब धरून उभी राहायची. म्हैस मान वळवून बघायची. दुधाचे थेंब मातीत पडून जिरेपर्यंत ती तशीच थांबायची. मग किटली डोक्यावर घेऊन चालू लागायची.